‘ग्राहकांना काय वाटेल’ हे कारण पुरेसं नाही

कॅम्पस मुलाखतींचा मोसम आला की शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना सूचना सुरू होतात. बूट पॉलिश केलेले हवेत, नखं कापलेली हवीत, मोबाइल बंद हवा आणि हातावर टॅटू असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. पहिल्या तीन सूचनांचं कारण कुणालाही कळतं. चौथीचं कारण विचारलं, तर ‘उगाच कशाला इम्प्रेशन खराब करायचं’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ज्या कंपनीसाठी ही खबरदारी घ्यायची, तिच्या जाहिरातीत टॅटूबद्दल बहुधा अवाक्षर नसतं. तरीही नियम आहेच असं धरून सगळे वागतात. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा मुलाखत देणारा मनगटापर्यंत बाही ओढून बसतो आणि घेणाऱ्याची नजर त्या बाहीकडे जाते. कार्यालयात शिस्त असावी, ग्राहकासमोर जाणारा माणूस नीटनेटका असावा, याबद्दल वाद नाही. मुद्दा एवढाच आहे की उघड्या टॅटूवर आक्षेप घ्यायचा असेल, तर तो कामाशी कसा जोडलेला आहे ते दाखवावं आणि नियम म्हणून लिहून ठेवावं. बहुतेक कार्यालयांनी यातलं काहीच केलेलं नाही. त्यांनी आपली नावड ग्राहकाच्या नावावर खपवली आहे.

लिहिलेला नियम कसा असतो हे पाहायचं, तर सैन्यभरतीकडे पाहावं. लष्कराच्या नियमानुसार कायमस्वरूपी गोंदण दोनच जागी चालतं: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. चालीरीतीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदवून घेणाऱ्या आदिवासी जमातींच्या उमेदवारांना प्रकरण पाहून सवलत मिळते. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांचा नियम आणखी बारकाईचा आहे. सलाम उजव्या हाताने करायचा असल्यामुळे गोंदण डाव्या हाताच्या आतल्या बाजूला किंवा पंज्याच्या पाठीवर हवं, आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून कमी हवा आणि ते धार्मिक चिन्ह, आकृती किंवा नाव असावं. म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाचा हात डॉक्टर उलटासुलटा करून पाहतात तेव्हा ते तीन गोष्टी तपासत असतात: जागा, आकार आणि आशय. या नियमाशी भांडता येतं. त्रिशूळ चालतो आणि झाड चालत नाही, याचं समर्थन करणं सोपं नाही. पण भांडता येतं ते नियम कागदावर आहे म्हणूनच. सोलापूरच्या एका तरुणाला उजव्या हातावरच्या धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने अपात्र ठरवलं, तेव्हा तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. गोंदण त्याने बरंचसं काढूनही टाकलं होतं. लष्कर धार्मिक चिन्हांना सवलत देतं याची दखल घेत न्यायालयाने २०१७ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. खासगी कंपनीत नाकारलेल्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या हाती येतो तो दोन ओळींचा ‘आम्हाला खेद आहे’ असा ईमेल. त्या खेदाचं मूळ त्याच्या गुणांत होतं की त्याच्या मनगटावर, हे त्याला कधीच कळत नाही.

आता या अलिखित नियमाच्या मुळाशी जे गृहीतक आहे, ते तपासू. ब्रिटनमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तेव्हा अध्यापन करणारे अँड्र्यू टिमिंग यांनी नोकरभरती करणाऱ्या व्यवस्थापकांच्या आणि दिसणारे टॅटू असलेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन एक अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यवस्थापकांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा आलेला मुद्दा ग्राहकांचा होता. टॅटूवाला माणूस समोर दिसला तर ग्राहक त्याला गबाळा समजतील, गुंड किंवा व्यसनी समजतील, आणि त्याची झळ संस्थेच्या नावाला बसेल, अशी भीती होती. त्याच अभ्यासात याच्या उलट टोकही सापडलं. तुरुंगासारख्या ठिकाणी कर्मचाऱ्याच्या अंगावरचं गोंदण कैद्यांशी बोलणं सुरू व्हायला उपयोगी पडतं, असंही सांगणारं कुणी तरी होतं. म्हणजे टॅटूचा परिणाम कामागणिक बदलतो, हे भरती करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण या सगळ्यात ग्राहक स्वतः कुठेच बोलत नाही. त्याच्या वतीने दुसराच कुणी तरी बोलतो. आपल्याकडे घरोघरी ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य ज्या कामी येतं, त्याच कामी कार्यालयात ‘ग्राहकांना काय वाटेल’ हे वाक्य येतं. लोकांना विचारायला कुणी जात नाही.

विचारायला गेलं तर काय होतं, याचं एक बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयाचं आहे. तिथल्या आपत्कालीन विभागातल्या काही डॉक्टरांनी वेगवेगळ्या पाळ्यांमध्ये वेगवेगळं रूप घेऊन काम केलं. कधी हातावर तात्पुरता टॅटू, कधी चेहऱ्यावर खोटं पिअर्सिंग, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. डॉक्टर तेच, उपचार तेच, फक्त कातडीवरची शाई बदलत होती. कशाची परीक्षा चालली आहे हे रुग्णांना माहीत नव्हतं. त्यांना एवढंच विचारलं गेलं, की डॉक्टर कितपत जाणकार, विश्वासू, आपुलकीचे, व्यावसायिक वाटले? २०१८ मध्ये ‘इमर्जन्सी मेडिसिन जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की टॅटू असण्या-नसण्याने रुग्णांच्या मतात लक्षणीय फरक पडला नाही. याआधीच्या काही पाहण्यांमध्ये लोकांना डॉक्टरांची छायाचित्रं दाखवून मत विचारलं होतं, तेव्हा टॅटूबद्दल नापसंती नोंदली गेली होती. ही विसंगती समजून घेण्यासारखी आहे. छायाचित्र पाहताना माणसासमोर टॅटूशिवाय दुसरं काही नसतं. पोटात दुखत असताना समोर उभा राहिलेला डॉक्टर मात्र काय विचारतो, किती लक्ष देतो, वेदना थांबवतो का, हे सगळं समोर असतं आणि त्यात हातावरची नक्षी कुठल्या कुठे मागे पडते. भरती करणारा अधिकारी छायाचित्र पाहणाऱ्याच्या जागी बसलेला असतो. ग्राहक मात्र रुग्णाच्या जागी असतो. त्याच वर्षी मायामी विद्यापीठाचे मायकल फ्रेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन हजारांवर अमेरिकी नागरिकांची पाहणी प्रसिद्ध केली. नोकरी मिळण्यात किंवा पगारात टॅटूवाल्यांचं नुकसान होतं, असं त्यांनाही आढळलं नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. अमेरिकेतला रुग्ण आणि साताऱ्यातला ठेवीदार एक नव्हे, आपला समाज जुन्या वळणाचा आहे. हे मान्य करूनच पुढे जाऊ. पण जुनं वळण म्हणजे कोणतं? कपाळावर आणि हनुवटीवर हिरवट पडलेले ठिपके, मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, दंडावर विंचू, हातावर भावाचं किंवा नवऱ्याचं नाव, अशा गोंदलेल्या बायका महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत सर्रास होत्या आणि आजही आहेत. सुया एकत्र बांधून, काजळीत वनस्पतीचा रस मिसळून गोंदणाऱ्या बायका दारोदार फिरत. पुढे जत्रेच्या पालात बॅटरीवर चालणारं यंत्र आलं आणि पाटीवरची चित्रं दाखवून दर सांगितला जाऊ लागला. अंगावरचे सगळे दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी त्यामागची श्रद्धा. आज बँकेत, विमा कंपनीत, जिल्हा परिषदेत टेबलामागे बसलेल्या कितीतरी अधिकाऱ्यांच्या आज्यांच्या हातांवर हे सगळं होतं. अशा समाजातला ग्राहक कातडीवरची शाई पाहून दचकेल, ही कल्पना त्या समाजाची ओळख नसल्याचं लक्षण आहे.

मग कार्यालयाला शाई खुपते कशामुळे? ती कुणाच्या अंगावर आहे यावरून, हे खरं उत्तर आहे. गोंदण होतं ते शेतात राबणाऱ्या, डोंगरात राहणाऱ्या, भटक्या समाजातल्या माणसांच्या अंगावर. कार्यालय उभं राहिलं तेव्हा ही माणसं त्यात नव्हतीच, म्हणून त्यांच्या खुणाही सभ्यतेच्या यादीत आल्या नाहीत. इंग्रजी अमदानीत तर शाईचा उपयोग उघड कलंकासाठी झाला. बंगाल आणि मद्रासमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदवण्याची शिक्षा होती. ती १८४९ मध्ये रद्द झाली. त्यानंतर तेराच वर्षांनी, १८६२ मध्ये, इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डने, जेरुसलेमच्या यात्रेत हातावर क्रूस गोंदवून घेतला आणि त्याच्या मुलाने, पुढच्या पाचव्या जॉर्जने, १८८१ मध्ये जपानमध्ये ड्रॅगन. त्यामुळे त्यांच्या राजपदाला काही बाध आला नाही. आजचा न्याय फारसा वेगळा नाही. दोन्ही हात टॅटूंनी भरलेला विराट कोहली २०१६ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचा ब्रँड अँबेसिडर झाला. सरकारी बँकेने आपल्या विश्वासार्हतेचा चेहरा म्हणून त्याची निवड केली आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाटायचं कारणही नव्हतं. मग तशाच हातांच्या तरुणाने काउंटरमागे बसण्याच्या नोकरीसाठी बाही ओढून का यावं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जात, लिंग, रंग माणूस निवडत नाही, टॅटू निवडतो. स्वखुशीने घेतलेल्या निर्णयाचे परिणामही स्वखुशीने भोगावेत, त्याला भेदभाव कशाला म्हणायचं? यात तथ्य आहे, आणि म्हणूनच टॅटूला जातीच्या किंवा लिंगाच्या बरोबरीचं कायदेशीर संरक्षण द्या, अशी मागणी इथे केलेली नाही. पण निवड स्वतःची आहे एवढ्याने ती कामाच्या आड येते असं सिद्ध होत नाही. मिशा राखणं, मांसाहार करणं, प्रेमविवाह करणं, हीसुद्धा निवडच आहे. शिवाय निवड हा शब्द सगळ्यांना सारखा लागू पडत नाही. पाच-सात वर्षांच्या मुलीला धरून बसवून गोंदलं जातं, तेव्हा तिची संमती कुणी घेतलेली नसते. छत्तीसगडमधल्या रामनामी समाजाने देवळाची दारं बंद होती म्हणून अंगभर, चेहऱ्यावरसुद्धा, रामनाम गोंदवून घेतलं. त्या समाजाची ती स्वाभिमानाची खूण आहे. आता त्यांच्या नव्या पिढीतली मुलं शिक्षणासाठी आणि कामासाठी बाहेर पडतात, तिथे नोकरी नाकारली जाईल या धास्तीने अंगभर गोंदवून घेणं टाळतात. देवळाच्या दारात जे घडलं त्याला या समाजाने शाईने उत्तर दिलं होतं, आता कार्यालयाच्या दारात तीच शाई आडवी येते. शहरातल्या मुलाचं म्हणाल, तर अठराव्या वर्षी काढलेला टॅटू तेविसाव्या वर्षी पुसता येत नाही. लेझरच्या अनेक बैठका लागतात, प्रत्येकीला पैसे मोजावे लागतात, हिरव्या-पिवळ्या रंगांवर लेझर नीट चालत नाही आणि सावळ्या त्वचेवर पांढुरका डाग राहण्याचा धोका असतो. पाच वर्षांपूर्वीच्या हौसेची ही किंमत कोणत्या कामासाठी वसूल करायची, हे तरी सांगायला हवं.

तिसरा आक्षेप मालकाच्या बाजूचा. दुकान माझं, नाव माझं, गिऱ्हाईक माझं. त्याला काय रुचतं ते मी ठरवणार. धंद्यात हा अधिकार असतोच. पण ग्राहकाच्या आवडीचा दाखला इतिहासात कशाकशासाठी दिला गेला, हे विसरून चालणार नाही. विमानात प्रवाशांना हवाई सुंदरीच आवडतात, म्हणून पुरुषांना हे काम देणार नाही, असं पॅन ॲम या अमेरिकी कंपनीने न्यायालयात सांगितलं होतं. १९७१ मध्ये अपील न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. कंपनीचं मुख्य काम प्रवाशांना सुखरूप पोचवणं हे आहे, आणि प्रवाशांची आवड त्या कामाच्या गाभ्याशी जोडलेली नाही, असा त्याचा मथितार्थ. आपल्याकडे एअर इंडियाच्या हवाई सुंदरी नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या आणि पहिल्या गरोदरपणातच नोकरी संपवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रद्द केला. ही प्रकरणं स्त्री-पुरुष भेदाची आहेत, टॅटूची नाहीत, आणि दोन्ही एकाच पारड्यात घालणं चूक ठरेल. धडा मात्र समान आहे. नोकरीवर ठेवणाऱ्याला जे बदलायचं नसतं, ते तो ग्राहकाच्या तोंडी घालतो; न्यायालयाने कारण मागितलं की ते कारण टिकत नाही, आणि नियम गेल्यावर ग्राहकही कुठे जात नाही. हवाई वाहतुकीतलंच ताजं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. तिथल्या माओरी लोकांमध्ये शरीरावर, चेहऱ्यावर गोंदणं ही वंशपरंपरेची खूण. असं गोंदण असलेल्यांना एअर न्यूझीलंडने नोकरी नाकारल्यावर मोठी टीका झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कंपनीने विमानातल्या कर्मचाऱ्यांसह सगळ्यांना टॅटू उघडे ठेवण्याची मुभा दिली. अट एकच, ते आक्षेपार्ह नसावेत. ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये जवळजवळ तेच केलं. दोन्ही कंपन्यांची विमानं आजही उडतात.

मग कसलंच बंधन नको का? हवं, आणि तेही नेमकं. द्वेष पसरवणारा, अश्लील, कुणाच्या जातीची किंवा धर्माची टर उडवणारा मजकूर हातावर असला काय आणि टी-शर्टवर असला काय, कार्यालयात तो नको. इथे आक्षेप मजकुरावर आहे, शाईवर नाही. आरोग्याचं कारणही खरं आहे. नवा टॅटू ही काही आठवडे भरून येणारी जखम असते. स्वयंपाकघरात किंवा रुग्णालयात काम करणाऱ्याने ती झाकलीच पाहिजे. रक्तपेढी टॅटू काढलेल्या माणसाला वर्षभर रक्तदानासाठी थांबवते. त्यावर कुणी रागावत नाही, कारण नियमामागचं संसर्गाचं कारण स्पष्ट आहे, आणि त्याला मुदत आहे. चांगला नियम असा असतो. याउलट कारणाशिवाय केलेला नियम स्वतःच्याच हेतूवर कसा उलटतो तेही रुग्णालयातच दिसतं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००७ मध्ये डॉक्टर-परिचारिकांचे हात कोपराखाली उघडे असावेत, असं धोरण आणलं, कारण लांब बाह्या रुग्णागणिक घाण वाहून नेऊ शकतात आणि हात मनगटापर्यंत नीट धुता येत नाहीत. अशा ठिकाणी टॅटू दिसू नये म्हणून परिचारिकेला पूर्ण बाह्या घालायला लावणं, म्हणजे दिखाव्यासाठी स्वच्छतेचा बळी देणं.

या अलिखित नियमाचा सर्वांत मोठा तोटा कुणाला होतो, हेही पाहायला हवं. शहरातल्या, नोकरदार घरातल्या मुलाला बाही ओढायला घरातच शिकवलं जातं. मामा, काका, वरच्या वर्गातला कुणी तरी त्याला आधीच सावध करतो. घरातून पहिल्यांदाच कार्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला मात्र आपल्या मनगटावर आजीने गोंदवलेलं नाव अडचणीचं ठरेल, हे सुचणारसुद्धा नाही. नियम लिहिलेला असता तर तिने तो वाचला असता, पाळला असता किंवा त्याविरुद्ध दाद मागितली असती. न लिहिलेला नियम आतल्या लोकांना माहीत असतो आणि बाहेरच्यांना नापास करतो. गुणवत्तेवर भरती करतो असं म्हणणाऱ्या संस्थेला हे परवडू नये, कारण तिच्या हातून निसटतं ते चांगलं माणूस आणि तिच्याकडे उरतं ते झाकण्याचं कसब.

म्हणून कंपन्यांनी, बँकांनी, शाळा-रुग्णालयांनी आपल्या सेवानियमांत यासाठी चार ओळी लिहाव्यात: कोणत्या कामात टॅटू झाकावा लागेल, का झाकावा लागेल, कोणता मजकूर अजिबात चालणार नाही, आणि पारंपरिक गोंदणाला ही बंधनं कशी लागू होणार नाहीत. भरतीच्या जाहिरातीतच त्या ओळी छापाव्यात, म्हणजे उमेदवार येण्याआधीच ठरवू शकेल. लिहायला बसल्यावर ‘का’ या रकान्यात काय भरायचं, असा प्रश्न अनेक एचआर विभागांना पडेल. तिथे संसर्ग, सुरक्षा, द्वेष, अश्लीलता यांपैकी काही लिहिता आलं, तर नियम जरूर ठेवावा. ‘ग्राहकांना आवडत नाही’ एवढंच लिहावंसं वाटलं, तर आधी ग्राहकांना विचारून यावं. आणि तेही जमत नसेल, तर तो नियम मुलाखतीच्या खोलीतूनही काढून टाकावा.